‘द पिंक पँथर’ (१९६३) प्रथमच पाहणाऱ्यांसाठी

‘पिंक पँथर’ हे शब्द उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लांब शेपटीचा, मुकाट चालणारा, गुलाबी रंगाचा प्राणी उभा राहतो आणि पाठोपाठ सॅक्सोफोनची ती दबक्या पावलांची धून कानात वाजू लागते. ज्या चित्रपटातून हा प्राणी आणि ही धून जन्माला आली, तो ब्लेक एडवर्ड्स दिग्दर्शित विनोदी चित्रपट मात्र त्यांतील फार थोड्यांनी पाहिलेला असतो. आणि जे तो नव्याने पाहायला बसतात, त्यांतील काही जण पाऊण तासाने ‘यात कार्टून कुठे आहे?’ असे विचारून उठून जातात. माझ्या आत्याने हेच केले होते. तिला पुन्हा बोलावून, आधी चार गोष्टी सांगून बसवले, तेव्हा ती शेवटपर्यंत बसली आणि मधल्या एका प्रसंगाला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या चार गोष्टी, आणि त्यांना नंतर येऊन मिळालेल्या आणखी काही, येथे क्रमाने मांडतो. शेवट कोठेही फोडलेला नाही.

पहिली पायरी: अपेक्षा नीट करून घेणे

या चित्रपटाबद्दल दोन गैरसमज घेऊन प्रेक्षक येतो. पहिला कार्टूनचा. गुलाबी प्राणी येथे केवळ श्रेयनामावलीत आणि अगदी अखेरीस दिसतो. कथेत ‘पिंक पँथर’ हे एका हिऱ्याचे नाव आहे. (पँथर म्हणजे चित्ता नव्हे, बिबट्या, ‘गुलाबी चित्ता’ हे आपल्याकडे अधूनमधून होणारे भाषांतर म्हणूनच चुकीचे आहे. ‘गुलाबी बिबट्या’ म्हणावे, तर बाळाच्या दुपट्यावरचे चित्र वाटते, हेही खरे.)

दुसरा गैरसमज अधिक अडचणीचा आहे. पीटर सेलर्सने साकारलेला इन्स्पेक्टर झाक क्लूझो हा पुढे या मालिकेचा मालकच झाला, त्यामुळे पहिल्या चित्रपटाचा नायकही तोच असणार, असे आपण गृहीत धरतो. तसे नाही. हा चित्रपट लिहिला गेला तो एका देखण्या, सुसंस्कृत, बायकांना भुरळ घालणाऱ्या रत्नचोरावर. तो चोर म्हणजे सर चार्ल्स लिटन, आणि ती भूमिका डेव्हिड निव्हनची आहे. पडद्यावरील नावांत निव्हन पहिला आहे. क्लूझोच्या भूमिकेसाठी आधी पीटर उस्तिनोव्ह ठरला होता. चित्रीकरण तोंडावर आले असताना तो बाहेर पडला आणि सेलर्सला बोलावणे गेले. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने घर ताब्यात घ्यावे, तसे पुढे घडले. हे घर ताब्यात घेणे पडद्यावर प्रत्यक्ष घडताना पाहणे, हाच माझ्या मते हा चित्रपट आजही पाहण्याचे मुख्य कारण आहे, आणि त्यासाठी सुरुवातीला क्लूझो थोडा वेळच दिसतो, हे गृहीत धरून बसावे लागते.

दुसरी पायरी: योग्य प्रत निवडणे

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण ती टाळू नये. चित्रपट टेक्निरामा या रुंद पडद्याच्या पद्धतीने चित्रित झाला आहे. चित्राची रुंदी उंचीच्या २.३५ पट आहे. जुन्या चौकोनी दूरचित्रवाणी संचांसाठी अशा चित्रपटांच्या दोन्ही बाजू कापून टाकत असत. तशी प्रत हाती लागली, तर शंभरातला चाळीसहून अधिक भाग आपण पाहतच नाही, आणि एडवर्ड्सची सवय अशी, की गंमत चौकटीच्या मधोमध न ठेवता एका कडेला ठेवायची. मी हा चित्रपट पहिल्यांदा अशाच कापलेल्या प्रतीत पाहिला. पलंगाच्या एका बाजूला पती-पत्नी बोलत होते, कोठूनतरी धडधड आवाज येत होते, आणि प्रेक्षक म्हणून मी गोंधळून बसलो होतो; कारण पलंगाच्या दुसऱ्या बाजूचा मनुष्य माझ्या पडद्यावर नव्हताच. म्हणून प्रत सुरू केल्यावर वर आणि खाली काळ्या पट्ट्या दिसतात का, हे पाहावे. दिसल्या, तर प्रत बहुधा बरोबर आहे. संचावरील ‘चित्र ताणून पूर्ण पडदा भरा’ ही सोय बंद ठेवावी.

मोबाइलवर पाहू नये. एकट्यानेही शक्यतो पाहू नये. हा दोन-चार जणांत पाहण्याचा चित्रपट आहे. इंग्रजी उपशीर्षके लावून ठेवावीत, कारण पात्रे इंग्रजीच बोलत असली, तरी ती फ्रेंच, इटालियन, ब्रिटिश आणि अमेरिकन वळणांनी बोलतात. लांबी ११५ मिनिटे आहे. जेवण आटोपून बसावे. मध्ये उठल्यास कोण कोणाच्या खोलीत आहे, याचा धागा हमखास सुटतो.

तिसरी पायरी: हिऱ्याची गोष्ट आणि श्रेयनामावली

चित्रपट सुरू होतो तो लुगाश नावाच्या देशात. हा देश नकाशावर शोधू नये. हॉलिवूडच्या कल्पनेतल्या पूर्वेकडील तो एक सोयीस्कर मुलूख आहे, जेथे राजे असतात, रत्ने असतात आणि बाकी काही सांगावे लागत नाही. तेथील राजा आपल्या लहानग्या मुलीला, राजकन्या डालाला, जगातील सर्वांत मोलाचा गुलाबी हिरा भेट देतो. हिऱ्यात एक बारीकसा डाग आहे, आणि उजेडात धरून पाहिले, की तो डाग झेप घेणाऱ्या पँथरसारखा दिसतो. आपल्याकडे रत्नपारखी डाग सापडला की किंमत पाडतो. येथे डागानेच नाव दिले आणि किंमत वाढवली. गुलाबी हिरे ही निव्वळ कल्पना नव्हे, हेही जाता जाता सांगायला हवे. गोवळकोंड्याच्या खाणींतून निघालेला आणि १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्लीहून नेलेला दर्या-ए-नूर हा फिकट गुलाबी हिरा आज इराणच्या राजरत्नांत आहे.

कॅमेरा हिऱ्यात शिरतो, डागाचा प्राणी होतो, आणि श्रेयनामावली सुरू होते. येथे कोणालाही बोलू देऊ नये. वॉर्नर ब्रदर्सच्या व्यंगचित्रपटांत आयुष्य काढलेले फ्रिझ फ्रेलेंग आणि त्यांचे भागीदार डेव्हिड डीपॅटी यांच्या संस्थेने ही नामावली केली. प्राण्याचे रूप हॉली प्रॅट यांनी रेखाटले. हा प्राणी नावांशी खेळतो, अक्षरांची मोडतोड करतो, आणि तरीही स्वतःचा रुबाब सोडत नाही. पुढे दोन तास क्लूझो जे करणार आहे, त्याची ही नमुन्यादाखलची वानगीच म्हणा. फरक इतकाच, की प्राण्याला आपण काय करतो आहोत हे ठाऊक आहे. तो लोकांना इतका आवडला, की १९६४ मध्येच त्याचा स्वतंत्र लघुपट निघाला आणि त्याला ऑस्करही मिळाले. मुले पाहतात ते कार्टून या नामावलीचे अपत्य आहे.

धून हेन्री मॅन्सिनी यांची. सॅक्सोफोन वाजवणारे प्लास जॉन्सन; त्यांचा स्वर डोळ्यांसमोर ठेवूनच मॅन्सिनींनी ती रचली होती. मुळात ती चोरासाठी, म्हणजे निव्हनच्या पात्रासाठी केलेली होती, हे लक्षात ठेवून ऐकावी. दोन पावले पुढे, थांबा, कानोसा, पुन्हा दोन पावले: मध्यरात्री दुसऱ्याच्या घरात शिरणाऱ्या माणसाची ही चाल आहे. या संगीताला ऑस्करचे नामांकन आणि तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. आपल्याला मात्र एवढेच पाहायचे आहे, की ही धून चित्रपटात कोठे आणि कोणाच्या हालचालीवर वाजते.

चौथी पायरी: कोणाला काय ठाऊक आहे, हे कागदावर लिहिणे

पहिली वीस-पंचवीस मिनिटे चित्रपट रोम, पॅरिस, अमेरिका अशा उड्या मारतो आणि नवखा प्रेक्षक येथेच गळतो. मी पाहुण्यांना चक्क कागद-पेन्सिल देतो. फार काही नाही, पाच नावे लिहायची आणि प्रत्येकासमोर ‘याला काय ठाऊक नाही’ हे लिहायचे.

सर चार्ल्स लिटन हा लोकांच्या दृष्टीने उमराव आणि प्रत्यक्षात ‘फँटम’ नावाचा चोर आहे. चोरीच्या जागी तो ‘पी’ अक्षर असलेला हातमोजा ठेवून जातो. इन्स्पेक्टर क्लूझो गेली अनेक वर्षे या फँटमच्या मागावर आहे. क्लूझोची पत्नी सिमोन हीच फँटमची साथीदार आणि प्रेयसी आहे; पोलिसांच्या हाती लागता लागता चोर कसा निसटतो, याचे उत्तर इन्स्पेक्टरच्या स्वतःच्या घरात आहे. जॉर्ज हा सर चार्ल्सचा अमेरिकेत वाढलेला पुतण्या; काका चोर आहे हे त्याला माहीत नाही, आणि त्याला स्वतःलाच हिरा चोरून आळ फँटमवर घालायचा आहे. पाचवी राजकन्या डाला. तिच्या वडिलांच्या पश्चात देशात सत्तापालट झाला आहे, नवे राज्यकर्ते हिरा जनतेचा म्हणून मागत आहेत, आणि ती तो द्यायला तयार नाही.

कागद भरून झाल्यावर एक गोष्ट आपोआप दिसते. क्लूझोसमोरचा रकाना सर्वांत लांब होतो, कारण त्याला काहीच ठाऊक नाही. आणि या पाच जणांत कोणाला फसवत नसलेला मनुष्यही तोच एकटा आहे. बाकी सगळे देखणे, हुशार आणि खोटारडे आहेत. चित्रपटाची सारी गंमत आणि तिच्याखालचा थोडासा कडूपणा या एका विषम वाटणीतून येतो. कागद जवळच ठेवावा, खोलीच्या प्रसंगात पुन्हा लागेल.

सिमोनची भूमिका कापुसीन या फ्रेंच अभिनेत्रीने केली आहे, जॉर्जची रॉबर्ट वॅगनरने आणि डालाची क्लॉडिया कार्डिनालेने. कार्डिनालेचे इंग्रजी तेव्हा पक्के नव्हते, म्हणून तिचा आवाज गेल गार्नेट या गायिकेचा आहे. ओठ आणि शब्द कोठे जुळत नसतील, तर दोष आपल्या प्रतीचा नव्हे.

पाचवी पायरी: क्लूझोला पाहावे कसे

क्लूझोचा पहिला लक्षात राहणारा प्रसंग त्याच्या कचेरीतला आहे. तो गंभीर आहे, सूट नेटका आहे, मिशी कातरलेली आहे. (ही मिशी आणि तो ताठा काड्यापेटीवरच्या कॅप्टन वेबच्या चित्रावरून सुचल्याचे सेलर्स सांगत असे. इंग्लिश खाडी पोहून जाणारा हा वीरपुरुष. छाती पुढे, नजर दूर.) टेबलापाशी पृथ्वीचा गोल आहे. क्लूझो तो फिरवतो, फँटमला पकडण्याविषयी निर्धाराने बोलतो, आणि बोलता बोलता रेलून उभे राहण्यासाठी त्या फिरत्या गोलावरच हात टेकवतो. पृथ्वी त्याला उचलून जमिनीवर टाकते.

केळ्याच्या सालीवरून घसरणारा मनुष्य पाहून आपण हसतो, तसेच येथे हसलो तर निम्मीच गंमत हाती लागते. पडण्याकडे नव्हे, त्याच्या नंतरच्या दोन सेकंदांकडे पाहावे. सेलर्स दचकत नाही, चिडत नाही, कोणाकडे पाहून ओशाळत नाही. तो उठतो आणि जणू काही घडलेच नाही, अशा आवाजात मुद्द्यावर येतो. सरकारी कचेरीत, लग्नाच्या मांडवात, सभेच्या व्यासपीठावर असा मनुष्य आपण पाहिलेला असतो: खुर्ची मोडते, ध्वनिवर्धक शिट्टी घालतो, पण साहेबांचे वाक्य पूर्ण होतेच. क्लूझो मूर्ख आहे म्हणून तो विनोदी नाही, तर आपली प्रतिष्ठा वस्तूंच्या हाती आहे हे तो कधीच मान्य करत नाही, म्हणून तो विनोदी आहे.

एडवर्ड्स आणि सेलर्स दोघेही मूकपटांच्या काळातील विनोदवीरांचे, विशेषतः लॉरेल आणि हार्डी यांचे भक्त होते, आणि दोघांनी बेत असा केला की पडझड मूकपटाची ठेवायची. पण ती करणारा मनुष्य मात्र पूर्ण खरा, सूटबूटातला, आधुनिक अधिकारी असायचा. त्यामुळे कॅमेरा जवळ जात नाही. तो लांब उभा राहतो, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, आणि दृश्य मध्ये न कापता चालू राहते. नवख्या प्रेक्षकाने स्वतःशी खेळण्याजोगा खेळ असा, की क्लूझो खोलीत शिरला रे शिरला, की खोलीतील कोणती वस्तू त्याला नडणार हे ओळखायचे. माझा अनुभव असा, की निम्म्या वेळा आपण बरोबर ओळखतो, आणि बरोबर ओळखल्यावर हसू अधिक येते.

एक सावधगिरी. क्लूझोचे ते प्रसिद्ध मोडके-तोडके फ्रेंच वळणाचे इंग्रजी ऐकण्यासाठी कान टवकारून बसू नये. या पहिल्या चित्रपटात त्याचे उच्चार बरेच सौम्य आहेत. शब्दांचा तो चेंदामेंदा पुढच्या चित्रपटापासून सुरू होतो.

सहावी पायरी: कोर्टिनातील खोली

कथेचा मोठा भाग कोर्टिना दाम्पेझ्झो या उत्तर इटलीतील बर्फाळ गावात घडतो. १९५६चे हिवाळी ऑलिंपिक येथेच झाले होते, आणि तेव्हापासून श्रीमंतांनी बर्फावर घसरायला जाण्याचे हे ठिकाण होते. १९६२-६३च्या हिवाळ्यात चित्रीकरण झाले. हॉटेल, शेकोटी, वूलन स्वेटर, सॅं लोराँ या फ्रेंच वेशभूषाकाराने बेतलेले पोशाख: सगळे इतके सुबक आहे, की त्यात क्लूझो म्हणजे काचेच्या दुकानातील बैल वाटावा.

येथे सिमोनच्या खोलीत जो लांबलचक प्रसंग आहे, तो चित्रपटाचा गाभा आहे, आणि त्यासाठी आपल्या प्रेक्षकाची तयारी इतरांपेक्षा चांगली झालेली असते, असे मला नेहमी वाटते. बबन प्रभूंचे फार्स ज्यांनी पाहिले, किंवा आईवडिलांकडून ऐकले, त्यांना हे यंत्र ओळखीचे आहे: एक पलंग, दोन-तीन दारे, एक न्हाणीघर, आणि एकमेकांना दिसता कामा नयेत अशी चार माणसे. फार्समध्ये दार हेच मुख्य पात्र असते. येथेही तसेच आहे.

रात्रीची वेळ. क्लूझोला बायकोजवळ निजायचे आहे, एवढीच त्या साध्या माणसाची इच्छा आहे. सिमोनच्या खोलीत मात्र सर चार्ल्स येऊन बसलेला असतो, जॉर्जही तिच्या मागे आलेला असतो, काका-पुतण्यांना एकमेकांचा पत्ता नाही, आणि नवरा कधी दाराबाहेर, कधी आत. कोणी पलंगाखाली, कोणी साबणाच्या फेसाखाली. सिमोन एकाच वेळी तिघांना तीन वेगवेगळी कारणे सांगत फिरते, आणि ही कापुसीन, जी एरवी मासिकाच्या मुखपृष्ठावरची बाई वाटते, येथे विनोदाची सारी यंत्रणा एकटीने चालवते. टाळी सेलर्सला मिळते, पण तिचा तोल पाहावा. शॅम्पेनच्या बाटलीचे बूच नको त्या क्षणी उडते. क्लूझो व्हायोलिन वाजवतो, आणि त्या व्हायोलिनचे जे व्हायचे ते होते. त्यावर तो जे एक वाक्य बोलतो, ते उपशीर्षकात वाचून न घेता आधी कानांनी ऐकावे.

हा प्रसंग पाहताना दोन कामे करावीत. एक म्हणजे कागदावरील नावांसमोर ‘आता कोठे’ हे मनातल्या मनात टिपत जावे. दिग्दर्शक फसवत नाही, खोलीचा नकाशा तो आपल्याला व्यवस्थित दाखवतो आणि मगच गोंधळ घालतो. दुसरे म्हणजे जो बोलत नाही, त्याच्याकडे पाहावे. बोलणारा मनुष्य बहुधा वेळ काढत असतो. खरी हालचाल चौकटीच्या कडेला, चादरीखाली किंवा दाराच्या फटीत चाललेली असते. रुंद प्रत घ्यावी, असे मी का म्हटले, ते येथे कळेल.

माझ्या आत्याला जेथे हसू आवरले नाही, तो हाच प्रसंग. हसून झाल्यावर ती म्हणाली, “बिचारा गं तो!” दोन्ही प्रतिक्रिया योग्य आहेत.

सातवी पायरी: जेथे चित्रपट रेंगाळतो

तो रेंगाळतो, हे मान्य करून टाकलेले बरे. सर चार्ल्स राजकन्येशी सलगी करण्यासाठी तिच्या लाडक्या कुत्र्याची चोरी घडवून आणतो आणि मग स्वतःच त्याच्या शोधाचा वीर बनतो. हे चातुर्याचे आहे. पण त्यानंतर वाघाच्या कातड्यावर, शॅम्पेनच्या संगतीत दोघांचा जो संवाद चालतो, तो आजच्या प्रेक्षकाला फारच लांबलेला वाटेल, आणि मद्य पाजून स्त्रीला वश करण्याचा तो प्रकार आज तितकासा गमतीचाही वाटत नाही. शेकोटीभोवती फ्रॅन जेफ्रीजचे एक इटालियन गाणे आणि नृत्य आहे. कथेशी त्याचा संबंध नाही. परदेशी समीक्षक त्याबद्दल कपाळाला आठ्या घालतात. मध्येच गाणे आल्याने आपण मात्र बिचकणार नाही, आणि गाणे खरोखरच छान आहे. या भागात चहा करायला उठण्यास माझी हरकत नाही. गाण्याआधी परत यावे.

आठवी पायरी: रोममधील रात्र

उत्तरार्ध रोममध्ये डालाच्या बंगल्यावर, वेशभूषेच्या मेजवानीत घडतो. हिरा तिजोरीत, पाहुणे मुखवट्यांत, क्लूझो सरदारी चिलखतात. त्याला त्यातून धड दिसतही नाही. तिजोरीपाशी एकाच वेळी दोन गोरिला पोहोचतात. कोण कोण, हे आपल्या कागदावरून ओळखता येईल.

त्यानंतर मोटारींचा पाठलाग आहे, आणि तो ज्या रीतीने दाखवला आहे, ती रीत मला संपूर्ण चित्रपटात सर्वांत अधिक प्रिय आहे. मध्यरात्रीचा एक शांत चौक. एक म्हातारा गृहस्थ रस्ता ओलांडायला निघाला आहे. एक मोटार सुसाट जाते, चालवणारा गोरिला. म्हातारा थांबतो. दुसऱ्या बाजूने दुसरी मोटार, तीतही गोरिला. मग पोलीस, त्यांच्यात झेब्र्याच्या कातड्यात शिरलेले दोघे. मोटारी या गल्लीतून त्या गल्लीत, पुन्हा उलट, चौकाला वेढे घालत राहतात. कॅमेरा एकाही मोटारीच्या मागे जात नाही, तो म्हाताऱ्याजवळ उभा राहतो. अखेर तो गृहस्थ जातो, एक खुर्ची आणतो, आणि नाटकाला बसावे तसा बसतो. शेवटची धडक आपल्याला आधी ऐकू येते. येथे घाईने पुढे सरकवणारा प्रेक्षक काय गमावतो, हे त्याला कधीच कळणार नाही.

शेवट न्यायालयात आहे. त्याविषयी कोठेही वाचू नये, कोणालाही विचारू नये. फक्त चौथ्या पायरीवरचा कागद समोर ठेवावा आणि ‘कोणाला फसवत नसलेला’ असे ज्याच्यासमोर लिहिले, त्याचे काय होते ते पाहावे.

नववी पायरी: पुढे काय पाहावे

पहिला चित्रपट १९६३च्या डिसेंबरात इटलीत आणि १९६४च्या मार्चमध्ये अमेरिकेत झळकला. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत ‘अ शॉट इन द डार्क’ आला. दुसरा चित्रपट हाच घ्यावा. नावात पँथर नाही, हिरा नाही, कार्टूनचा प्राणीही नाही, परंतु आपण ज्याला क्लूझो म्हणून ओळखतो तो येथे पूर्ण आकाराला येतो: उच्चार, रेनकोट, त्याच्यामुळे वेडाच्या उंबरठ्यावर पोहोचणारा वरिष्ठ ड्रायफस (हर्बर्ट लॉम), आणि घरात दबा धरून त्याच्यावर झडप घालणारा नोकर काटो (बर्ट क्वौक). पहिल्यापेक्षा हा अधिक विनोदी आहे, असे अनेकांचे मत आहे आणि माझेही आहे. पहिला आधी पाहिला, तरच तो का अधिक विनोदी झाला ते समजते.

मग अकरा वर्षांची उडी मारून १९७५चा ‘द रिटर्न ऑफ द पिंक पँथर’ पाहावा. हिरा परत येतो, चोरही परत येतो, पण निव्हनच्या जागी ख्रिस्तोफर प्लमर असतो. १९७६ आणि १९७८चे दोन भाग आवडत गेले तर पाहावेत. सेलर्सचे २४ जुलै १९८० रोजी निधन झाले. १९८२चा भाग त्याच्या आधीच्या वापरलेल्या-न वापरलेल्या चित्रफिती जोडून केलेला आहे, तो नवख्याने पाहू नये. १९६८ मध्ये ॲलन आर्किनने, १९९३ मध्ये (क्लूझोचा मुलगा म्हणून) रॉबेर्तो बेनिनीने आणि २००६ व २००९ मध्ये स्टीव्ह मार्टिनने प्रयत्न केले. मुलांना मार्टिनचे चित्रपट आवडतात, मला नाहीत. पडणे तेच आहे, नंतरची दोन सेकंदे नाहीत.

एडवर्ड्स आणि सेलर्स या जोडीचा १९६८चा ‘द पार्टी’ कोणीतरी हमखास सुचवील. त्यात सेलर्सने चेहरा काळवंडून हृंडी व्ही. बक्षी नावाच्या भारतीय नटाची भूमिका केली आहे. पडझडीच्या कारागिरीत तो क्लूझोच्या बरोबरीचा आहे, पण आपल्यासाठी हसणे मध्येच घशात अडकते. काटोविषयीचे काही विनोदही तसेच आहेत. हे आधी ठाऊक असलेले बरे, म्हणजे घरच्यांसमोर अचानक सारवासारव करावी लागत नाही.

सगळे पाहून झाल्यावर, पंधरा-वीस दिवसांनी, पहिल्या चित्रपटातील कचेरीचा तो प्रसंग पुन्हा लावावा. गोल फिरतो, क्लूझो हात टेकवतो, पडतो, उठतो. आता त्याच्याकडे पाहू नये. त्या खोलीत असलेल्या सिमोनकडे पाहावे.